वॉर्म म्हणजे नेमका कुठे?

हाय-फायचं कुठलंही परीक्षण उघडा. आवाज ‘वॉर्म’ आहे, ‘एअरी’ आहे, ‘म्युझिकल’ आहे. पहिल्या दोन शब्दांना पत्ता आहे, तिसऱ्याला नाही. बिनपत्त्याच्या शब्दावर एक रुपयाही घालू नका.

पत्ता म्हणजे कंपनसंख्या. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. १०० ते ३००च्या आसपास थोडा उठाव असला की आवाज ‘वॉर्म’ लागतो. तोच अति झाला की सगळं गढूळ, म्हणजे ‘मडी’. गायिकेचे स-श कानात टोचत असतील तर गडबड ५ ते ८ हजारांत. १० हजारांच्या वर मोकळीक असेल तर ‘एअरी’. हद्दी थोड्या मागंपुढं होतात, पण दुकानातलं निम्मं भांडण एवढ्यानं मिटतं. अमेरिकेत जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ मासिक काढलं आणि पुढे या शब्दांचा कोशही केला. कानाने ऐकून परीक्षण लिहायचं, तर शब्द पक्के करणं भागच होतं.

आपल्याकडे हे काम मिरजेत रोज चालतं. कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली सुताचा धागा केसभर सरकवतो, आणि जवारी, म्हणजे घोडीवरून उठणारा तारेचा झणकार, खुली की बंद ते सांगतो. गवयाला दुसरा खुलासा लागत नाही. म्हणून स्पीकर घेताना ओळखीच्या मैफलीतला सुरुवातीचा तंबोरा लावा. जवारी बोचली तर आवाज ‘ब्राइट’. खर्जाने जोडाच्या तारा गिळल्या तर ‘मडी’. मग तबला येऊ द्या. चाट आणि डग्ग्याची घुमक एकमेकींत मिसळता कामा नयेत.

एक खबरदारी मात्र घ्याच. आवाज चढवला की कानाला खर्ज जास्त भरतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं. त्यामुळे एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा अँप्लिफायर ‘भरीव’ वाटतो आणि गिऱ्हाईक महागडं यंत्र घेऊन घरी जातं. दोन्ही यंत्रांची पातळी आधी जुळवायला सांगा. मोबाइलवरचं फुकटचं मापक चालेल, फक्त मोबाइल दोन्ही वेळा एकाच जागी हवा. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर सरळ दुसरं दुकान गाठा.