भारमान

नाशिक जिल्ह्यातल्या पेठमध्ये रात्री कोणी आमच्या कंट्रोलर मामांना "किती वाजले?" असं विचारलं, तर ते मनगटाकडे बघत नाहीत. "दुसरा ब्रेक लागला असेल," म्हणतात. विचारणाऱ्याने नऊ पंचवीस झाले असं समजायचं आणि घराकडे वळायचं.

मामा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. उभी हयात त्यांनी कुठल्या ना कुठल्या स्टँडवर जाळीआड बसून माइकवरून गाड्या पुकारल्या. निरोप समारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. माइक काही मिळाला नाही. तेव्हापासून ते नुसत्या तोंडाने पुकारतात, आणि गाड्यांऐवजी टीव्हीवरच्या गाण्याच्या, नाचाच्या, विनोदाच्या स्पर्धा पुकारतात. सकाळी दूध आणायला निघाले की गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबतात. घसा साफ होतो. "बारक्या पोरांच्या गाण्याचा कार्यक्रम, सोमवारी सुटणारा, आता बुधवारी सुटेल. प्रवाशांनी नोंद घ्यावी." प्रेक्षकांनी म्हणायचं असतं. जीभ वळत नाही.

गाणं कसं झालं हे मात्र त्यांना विचारू नये. कोण सुरात होतं, कोणाचा षड्ज हलला, यातलं त्यांना काही कळत नाही आणि त्याची खंतही नाही. "ड्रायव्हर कसा चालवतो हे प्रवासी बघतील, गुरुजी. गाडी कितीला सुटली, मागे कोणती लागली, भारमान किती, एवढं आपलं काम." भारमान म्हणजे गाडीतल्या शंभर जागांपैकी किती भरल्या त्याचा हिशेब. एसटीतला माणूस देवाखालोखाल या शब्दाला घाबरतो. चॅनेलवाले ज्याला टीआरपी म्हणतात त्याला मामा आजतागायत भारमानच म्हणतात, आणि मला वाटतं त्यांचाच शब्द जास्त नेमका आहे.

त्यांच्या शास्त्राचा शकारंभ म्हणजे ३ जुलै २०००. त्या रात्री नऊला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि त्याच रात्री साडेदहाला 'क्योंकि सास भी कभी बहू थी'. बाकीच्या देशाला त्यात अमिताभ दिसला. मामांना दिसली ती जोडगाडी. "नाशिकची गाडी भरून आली की तिला लागूनच पुढची सोडायची. माणसं आयती स्टँडवर उभीच असतात! अमिताभने माणसं गोळा केली, सासू-सुनांनी घरी नेऊन सोडली." हे सांगताना ते दोन काडेपेट्या एकीला एक लावून दाखवतात. मामी तिसरी काडेपेटी शोधत फिरते, कारण चूल पेटायची असते.

स्पर्धेचं शास्त्र त्याहून साधं. स्टँडवरून नऊची गाडी असेल तर काळी-पिवळी जीप आठ पंचावन्नला फाट्यावर उभी राहणारच. "तसंच हे. इकडे दीपप्रज्वलन चाललंय, परीक्षकांना फेटे बांधणं चाललंय, तोवर समोरच्या चॅनेलवर पहिली लावणी होऊनसुद्धा गेली. आणि एकदा खिडकीपाशी जागा मिळालेला माणूस उतरत नाही." वाइल्ड कार्डने परत आलेल्या स्पर्धकाबद्दल त्यांचं मत वाईट आहे. स्टँडवर उतरवून दिलेला माणूस पुढच्या फाट्यावर पुन्हा गाडीत घेतला, तर कंडक्टरची चौकशी लागते. इथे टाळ्या पडतात. पण त्यातली मेख त्यांना कळते. भारमान चांगलं असलं की गाडी मुक्कामाला न्यायची घाई कोणाला? चार माणसं परत घ्यायची, चार आठवडे वाढवायचे.

आयपीएलला ते 'गडाची यात्रा' म्हणतात. चैत्रात सप्तशृंगीला जादा गाड्या निघाल्या की आमच्याकडच्या नेहमीच्या फेऱ्या पातळ होतात. २००८ पासून टीव्हीवरही चैत्राची तीच गत. "या दिवसांत नवी गाडी सुरू करणारा माणूस एक तर शूर, नाही तर निलंबित." एका तासात जाहिराती बारा मिनिटांच्या वर नसाव्यात, असा नियम आहे, हे मी त्यांना एकदा कौतुकाने सांगायला गेलो. मामांनी माझ्याकडे नव्या कंडक्टरकडे बघावं तसं बघितलं. "चहाचा थांबा दहा मिनिटांचा असतो, गुरुजी. तुम्ही कधी दहा मिनिटांत निघालात?"

त्यांचं खरं दुखणं निराळंच आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये टीव्हीचं भारमान मोजणाऱ्या 'बार्क'ने खेड्यांतले प्रेक्षक मोजायला सुरुवात केली. त्याआधीचं मोजमाप शहरी. आम्ही पेठचे लोक त्याआधी पंधरा-वीस वर्षं टीव्ही बघत होतो, हसत होतो, रडत होतो, निकालावरून भावाभावांत अबोला धरत होतो, आणि हिशेबात कुठेच नव्हतो. मामांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. "म्हणजे इतकी वर्षं आपण विनातिकीट?" ज्या माणसाने आयुष्यात सख्ख्या मेव्हण्याला फुकट बसू दिलं नाही, त्याला हा घाव सोसवेना.

तेव्हापासून ते प्रेक्षक मोजणाऱ्या मीटरची वाट बघतायत. ज्या घरांत हे मीटर बसतं त्यांची नावं गुप्त ठेवतात, आणि घरातल्या प्रत्येकाने टीव्हीपुढे बसताना आपापलं बटण दाबायचं असतं, एवढं त्यांनी मिळवलेलं ज्ञान. तेवढ्यावर घरात सराव चालू आहे. मामा एक नंबर, मामी दोन, मुलगा तीन, सून चार. नातू आठ महिन्यांचा, तो 'हाफ तिकीट'. मीटर नाही म्हणून बटण नाही, मामी भाकऱ्या टाकून बाहेर आली की मामा तिलाच "दोन?" असं विचारतात, ती "दोन" म्हणते, आणि मग बसते. लाइटचं रीडिंग घ्यायला आलेल्या एका पोराला त्यांनी चहा, पोहे, घरच्या आंब्याचं लोणचं दिलं आणि हळूच विचारलं, "कुठे बसवणार?" तो म्हणाला, "बसवलेलंच आहे की, जिन्याखाली." मामा दोन दिवस जिन्याखाली कंदील घेऊन होते.

गावाला मात्र मामांचा उपयोग होतो. लग्नाची तारीख ठरली की लोक आधी मांडववाल्याकडे जातात, मग मामांकडे. "मामा, वीसला हळद धरलीय. काही आडवं येतंय का?" मामा वही काढतात. जुनीच, रकाने आखलेली. गाडी क्रमांकाच्या जागी चॅनेल. "वीसला महाअंतिम सोहळा आहे. सातला सुटणार, बाराच्या आत पोचत नाही. हळद दुपारी उरका, नाही तर रात्री मांडवात नवरदेव आणि वाजंत्रीवाले एवढेच राहाल." लोक ऐकतात. एकाने ऐकलं नव्हतं. त्याच्या वरातीचा फोटो आहे माझ्याकडे. घोडा एकटाच कॅमेऱ्याकडे बघतोय.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र फेब्रुवारी २००९ मधली. झी मराठीच्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची शेवटची फेरी. कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित ही पाच नावं तेव्हा आमच्या शाळेत पांडवांच्या आधी पाठ होती. मामांचं तेव्हा एकच गणित बसत नव्हतं: भारमान आणि भारनियमन. पहिल्याचं वेळापत्रक मुंबईत ठरत होतं, दुसऱ्याचं देव जाणे कुठे, आणि दोन्ही गाड्या एकाच घाटात समोरासमोर येणार होत्या. त्यात निम्मा तालुका द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-पिंपळगावकडे गेलेला. "सीझनला फायनल ठेवतात! यांना कोणी सांगत नाही का?" मामांनी ट्रॅक्टरची बॅटरी आणली, इन्व्हर्टर उसना आणला, ओट्यावर टीव्ही मांडला. पन्नासेक माणसं, पुढे पोरं. पाचही जण गाऊन झाले. ब्रेक झाला. पुन्हा ब्रेक झाला. सूत्रसंचालिका पल्लवी जोशी काहीतरी बोलणार तेवढ्यात चित्र चहूबाजूंनी आक्रसत गेलं, मधोमध एक पांढरा ठिपका उरला आणि तोही विझला.

निकाल पेठला सकाळच्या पहिल्या गाडीने आला, पेपरच्या गठ्ठ्यातून. आळंदीची कार्तिकी गायकवाड. बायाबापड्यांनी बोटं मोडली. मामांनी पेपर घडी करून परत दिला. "छापील निकाल मी मानत नाही. रिपीट आहे ना, ते बघू." तेव्हापासून हा त्यांचा पक्का शब्द. कोणाचं काही हुकलं, पावसाने डिश आंधळी झाली, पाहुणे टपकले, की मामा पाठीवर हात ठेवून सांगतात, "काळजी नको. उद्या दुपारी रिपीट." आमच्या शेजारचे म्हातारबाबा वारले तेव्हा खांदा देताना मामांच्या ओठांवर तेच आलं होतं, असं मामी शपथेवर सांगते.

गेल्या साली एका पाड्यावरच्या बोहाड्याला आम्ही दोघं गेलो. देवादिकांचे मुखवटे घालून रात्रभर सोंगं नाचतात, संबळ आणि पिपाणी वाजत राहते, टेंभ्यांच्या उजेडात मुखवट्याचे डोळे हलल्यासारखे वाटतात. कुठलं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे ठरलेलं, कुठल्यानंतर कुठलं यायचं हेही ठरलेलं. मामा तासभर गप्प होते. मग त्यांच्यातला कंट्रोलर उठला. ते थेट कारभारी बाबांजवळ जाऊन बसले.

"बाबा, क्रम चुकतोय. गणपती, शारदा सुरुवातीलाच काढून टाकलीत, माणसं अजून भाकरी खाऊन आली नाहीत. रावण आत्ता आणा, लोक बसतील. मध्ये दहा मिनिटं थांबा. मग भीम. देवीला मात्र ताणा."

बाबांनी विडी खाली ठेवली. "गणपती आधीच असतो."

"पण भारमान..."

"तो कोण? त्याचं सोंग आपल्याकडे नसतं."

आणि ब्रेक घ्यायला संबळवाला तयार नव्हता. त्याने सांगितलं, हात थांबला की अंगात आलेलं उतरतं, मग त्याची जबाबदारी कोणाची? मामा परत येऊन माझ्याजवळ बसले. वहीवर टेंभ्याच्या उजेडात सोंगांच्या वेळा टिपत राहिले. कोणतं सोंग किती मिनिटं, पाठोपाठ काय, कितीजण उठून गेले. उठून जाणाऱ्यांच्या रकान्यात पहाटे तीनपर्यंत एकाच पोराची नोंद होती, आणि तोही लघवीला गेला होता. मामांनी तो रकाना दोनदा तपासला. काहीतरी पुटपुटले. सोबत आणलेली शाल, तीच निरोपाची, डोक्यावरून घेतली.

देवी आली तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. महिषासुराशी तिची झटापट सुरू झाली, बाया पुढे सरकल्या, धूळ उडाली, सगळा पाडा उभा राहिला. मी मामांना दोनदा हलवलं. सगळं आवरून मुखवटे फडक्यात गुंडाळले जात असताना ते खडबडून उठले, रिकाम्या अंगणाकडे बघितलं, आणि कारभारी बाबांना विचारलं, "रिपीट कितीला?"

बाबा टेंभा विझवत होते. "पुढल्या साली," म्हणाले.

मामांनी वही उघडली आणि लिहून घेतलं.