मान वर कर बे, डीजे!

अमरावती-अकोल्याकडच्या हळदीत पहिल्यांदाच वाजवायला उभा राहिलेला डीजे ओळखणं सोपं आहे. त्याचा चेहरा कुणालाच दिसत नाही. लॅपटॉपच्या झाकणामागं फक्त टोपी दिसते. मांडवात मावश्या नाचताहेत की पंगतीला निघून गेल्यात, याचा त्या टोपीला पत्ता नसतो. ती पडद्यावरच्या दोन रेघोट्या जुळवण्यात गर्क असते.

गंमत म्हणजे त्या रेघोट्या जुळवायला आता टोपीचीही गरज उरलेली नाही. ‘सिंक’चं बटण दाबलं की व्हर्च्युअल डीजे किंवा सेराटोसारखं सॉफ्टवेअर दोन गाण्यांची लय आपापली जुळवून देतं. तबकड्यांच्या काळात हे काम कानांनी आणि बोटांनी व्हायचं, त्यासाठी वर्षं जायची. मशीननं ती वर्षं वाचवली. उरलं ते माणसांकडं बघण्याचं काम, आणि त्याला अजून बटण निघालेलं नाही.

11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका पोरीनं शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवायला पार्टी ठेवली. वाजवायला होता तिचा सख्खा भाऊ, क्लाइव्ह कॅम्बेल ऊर्फ कूल हर्क. नाचणारी पोरं गाण्यातला शब्दांचा भाग कशीबशी काढतात आणि नुसता ढोल-बेस सुरू झाला की पेटतात, हे त्यानं हेरलं होतं. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून फिरवत ठेवू लागला. हिप-हॉप तिथून सुरू झालं असं मानतात. शोध मशीनवर लागला खरा, पण नजर पोरांच्या पायांवर होती.

अर्थात वऱ्हाडातल्या डीजेला यासाठी ब्राँक्सला जायचं कारण नाही. गाडगेबाबा इथलेच. बाबा कीर्तनात पांडित्य सांगत बसत नसत, समोरच्या माणसालाच वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारत आणि उत्तर आल्याशिवाय पुढं सरकत नसत. हजारोंचा जमाव एका आवाजात उत्तर देई. तुकडोजी महाराजांच्या हाती खंजिरी, तेवढ्यावर सारी सभा ताल धरी. (कर्ज काढून लग्न करू नका, हेही बाबा याच कीर्तनांतून सांगत. ते पाळलं असतं तर निम्म्या डीजेंचा धंदा बसला असता, ही गोष्ट वेगळी.)

तर नव्या डीजेनं पहिल्या अर्ध्या तासात काय करावं? फार काही करू नये. आधी लहान पोरं येतात, ती कशावरही नाचतात, त्यांच्यामुळं चढून जाऊ नये. खरी परीक्षा मावश्या-आत्यांची. त्या कडेला उभ्या राहून एकमेकींना ढकलत असतात. एकीनं पदर खोचला की समजावं, आता गाणं बदलायचं नाही. नवा डीजे नेमकं तेव्हाच बदलतो, कारण रात्री जागून बनवलेल्या यादीत पुढचं गाणं ठरलेलं असतं. मित्र काहीही नाचतील. जावई मात्र शेवटी येतात आणि कुणी हात धरून ओढल्याशिवाय येत नाहीत.

‘झिंगाट’ पहिल्याच दहा मिनिटांत उडवू नये. 2016 पासून ‘सैराट’मधल्या या गाण्यानं किती मांडव वाचवले याची मोजदाद नाही, पण आरंभालाच ते वाजलं की मग वर चढायला जागा उरत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याच्या राजराजेश्वरासाठी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी आणणाऱ्या कावडी रात्रभर चालतात. त्यांच्यासोबतच्या ढोलवाल्यानं पहिल्याच मैलात सगळा जोर लावला तर शहर येईपर्यंत त्याला उचलूनच आणावं लागेल.

सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे आवाज बंद करणं. गाण्याची सगळ्यांना पाठ असलेली ओळ आली की फेडर खाली ओढायचा आणि मान वर करायची. मांडव ती ओळ स्वतःच म्हणतो, मग दणक्यात बेस सोडायचा. पाठ नसलेल्या ओळीवर हे केलं तर मात्र मागून आवाज येतो, “लाइट गेली का बे?”

दर चाळीस सेकंदांनी स्वतःचं नाव गरजवणारी ती टेपही जरा आवरावी. नवरदेवाचं नाव न कळलेल्या पाहुण्यांना डीजेचं नाव, गाव आणि मोबाइल नंबर तोंडपाठ होतो.

आणि ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसला टेकतो, दिवस मावळला तरी मांडव तापलेलाच. लॅपटॉप हँग होतो तो नेमका नवरी नाचायला आली की. जाणता डीजे दुसऱ्या मोबाइलमध्ये गाणी भरून ठेवतो आणि कूलरसमोरच्या जागेसाठी मोठ्या मामांशी भांडतो. मामा हटत नाहीत. तिथूनच ते फर्माईश पाठवतात, “अबे, ते जुनं गानं लाव ना.” कोणतं, ते सांगत नाहीत.

रात्री दहाला सगळं थांबतं, निदान थांबायला हवं. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. दिवसासुद्धा निवासी भागात मर्यादा 55 डेसिबलची, जी चार वऱ्हाडी माणसं नुसती गप्पा मारायला बसली तरी ओलांडतात. भिंतीसारखे बेस रचणाऱ्यांनी शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याच्या छातीचाही विचार करावा. त्यानं हळदीचं जेवण जेवलेलं नसतं, धडधड मात्र त्याच्याच वाट्याला येते.

नव्या डीजेचा खरा लाइव्ह कार्यक्रम यानंतर सुरू होतो, उरलेले पैसे मागायला तो मामांसमोर उभा राहतो तेव्हा. जनरेटर बंद होता तो अर्धा तास कापला जातो. डीजेसोबतच्या जेवलेल्या दोन पोरांचं ताट हिशेबात धरलं जातं. मग मामा चष्मा पुसत विचारतात, “झिंगाट चार वेळा लावलं ना गा तू? एकच गानं. त्याचे चार वेळचे पैसे कायचे?”