घर बघावं जुलैत

काकूंना बातम्या कुठून लागतात हे आगाशीत अजून कुणाला उलगडलेलं नाही. दिराचा फोन आला रात्री साडेनऊला, आणि सकाळी मी कुंपणावर गोधडी वाळत घालायला गेले तर पलीकडून प्रश्न तयार : "काय गं, भाऊजी तुझे इकडे घर घेतायत म्हणे?"

"घेतलं नाही अजून. बघतायत."

"बघू दे. बघायला पैसे पडत नाहीत. टोकन नाही ना दिलं?"

टोकन द्यायच्याच बेतात होते, हे मी बोलले नाही. पण काकूंना न बोललेलंच आधी ऐकू येतं. त्यांनी गोधडीचं दुसरं टोक आपल्याकडे ओढून घेतलं आणि सुरकुत्या मोडायला लागल्या. म्हणजे आता डाळ शिजेपर्यंत सुटका नाही.

भाऊजींची गोष्ट साधी आहे. चेंबूरला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सगळा जन्म गेला, मार्चमध्ये रिटायर होतायत, मेअखेर क्वार्टर सोडायची. पीएफ-ग्रॅच्युइटी मिळून पन्नास लाखांच्या आतबाहेर. पेन्शन ती ईपीएफची, तीन-साडेतीन हजारांची. ती दोघांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांतच जाणार. पन्नास लाखांत चेंबूरला घर मिळत नाही, म्हणून पश्चिम रेल्वेचा नकाशा काढून बोट पुढे सरकवत सरकवत नालासोपाऱ्यापर्यंत आले. तिथे पूर्वेला एक एजंट भेटला. चकाचक टूबीएचके, पस्तीस लाख, देवघरासकट.

"पस्तीसला टूबीएचके?" काकूंचा हात थांबला. "ओसी, म्हणजे भोगवट्याचा दाखला, आहे का?"

"सगळं क्लिअर आहे म्हणतो. घरपट्टी भरलेली आहे, लाइटचं मीटर आहे, ॲग्रीमेंट रजिस्टर होतंय."

"अगं बाय, घरपट्टी अनधिकृत घरालाही लागते! कर घेतला म्हणजे घर कायदेशीर झालं असं कुठे लिहिलंय? आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसात कागद नोंदवतात, इमारत तपासायला कुणी जात नाही."

काकूंचे यजमान तलाठी ऑफिसात होते. सातबाराचा विषय निघाला की त्या घराण्याचा अधिकार गाजवतात, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना शोभतो. आपल्याकडे कागदांचा गुंताही तसाच आहे. १९९० पासून इथलं नियोजन सिडकोकडे, गावागावांत ग्रामपंचायती, मग ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि पन्नासेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. त्यामुळे 'परवानगी आहे' असं कुणी म्हणालं की काकू लगेच विचारतात, "कुणाची?" ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर चार मजले चढलेली बिल्डिंग आणि सिडकोच्या मंजुरीवर उभी राहिलेली बिल्डिंग रस्त्यावरून सारखीच दिसते. दोन्हींना गुलाबी रंग.

"नालासोपाऱ्याच्या आगरवाल नगरीत काय झालं?" काकू म्हणाल्या. "एक्केचाळीस इमारती. जागा राखीव कशासाठी, तर सांडपाण्याच्या प्रकल्पाला आणि कचराभूमीला. हायकोर्टाचा आदेश आला आणि २०२४ च्या दिवाळीनंतर जेसीबी लागले ते २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंत. आत राहणाऱ्यांनी काय फुकट घेतली होती घरं? आयुष्याची पुंजी घालून घेतली होती."

मग विरारच्या विजयनगरचं निघालंच. रमाबाई अपार्टमेंट कोसळली ती २६ ऑगस्ट २०२५ ची रात्र. सतरा माणसं गेली. इमारत अनधिकृत, आणि म्हातारीही नव्हे. जेमतेम तेरा वर्षांची. आम्ही दोघी वीसेक वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगला 'जुनी' म्हणून नाक मुरडतो, पण ओसीवाली जुनी आणि बिनओसीची नवी यांत मी डोळे झाकून जुनी घेईन.

"पण चौथ्या मजल्याची नको," काकू म्हणाल्या.

हा दुसरा घोळ. वसई-विरारमधल्या ऐंशी-नव्वदच्या काळातल्या बिल्डिंगी म्हणजे तळमजला अधिक तीन, तळमजला अधिक चार, लिफ्टचं नाव नाही. साठीत ठीक आहे, जिना चढला की व्यायाम होतो असं म्हणतात. पंचाहत्तरीत गुडघे बोलायला लागले की माणूस खाली उतरतच नाही. मग कुणी म्हणेल, तळमजला घ्या. तळमजला घ्यावा तर पाणी घरात येतं आणि चौथा घ्यावा तर आपण घराबाहेर पडत नाही. परवडणाऱ्या घरांचा सगळा बाजार या दोन टोकांच्या मधे भरलेला.

पाण्याचं बोलायचं तर २०१८ चा जुलै अजून कुणी विसरलेलं नाही. नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली, लोकल बंद, मीठागरातली माणसं अडकलेली, वीज गेली ती लवकर येण्याचं नाव घेईना. आणि तेवढं मोठं संकट कशाला हवं? सनसिटी-गास रस्ता दर पावसाळ्यात पाण्यात जातो. आचोळ्याला गुडघाभर साठतं.

"इथे वळणावर बावखल होतं," काकूंनी आमच्याच गल्लीच्या तोंडाकडे हात केला. "पावसाचं पाणी त्यात जायचं, वाडीला तेच पुरायचं. अशी किती बावखलं बुजवली वसईत! वर बिल्डिंग उभी राहिली, पण पाण्याला कुणी पत्ता बदलल्याचं कळवलं नाही."

फादर दिब्रिटो आणि हरित वसई चळवळीतली माणसं ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून हेच ओरडून सांगत होते, तेव्हा त्यांना विकासाचे वैरी ठरवणारेही कमी नव्हते. असो, काकू त्या वादात शिरल्या असत्या तर डाळच काय, कुकरही करपला असता.

"एजंट घर कधी दाखवतो? डिसेंबरात. छान वारा, कोरडे रस्ते, 'स्टेशन दहा मिनिटं'. त्याला म्हणावं, जुलैत दाखव. भरतीच्या दिवशी, पाऊस धरलेला असताना."

मला हे पटलं. आणखी एक मी त्यात घातलं : सोसायटीच्या सेक्रेटरीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं मागून घ्यायची. माणूस 'पाण्याचा प्रॉब्लेम नाही' म्हणतो, बिल तसं म्हणत नाही. आपल्याकडे उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही छोटी धरणं, बाकी सगळी भिस्त सूर्या धरणावर. म्हाडाची बोळिंजची घरं हजारोंनी पडून होती त्याचं एक मोठं कारण पाणीच. लॉटरीमागून लॉटऱ्या काढल्या, मग 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' केलं, अटीही बऱ्याच सैल केल्या. आता सूर्याचं वाढीव पाणी यायला लागल्यावर तिकडे माणसं फिरकायला लागली.

"म्हाडाचं बघितलं का त्यांनी?"

"वनबीएचके तेवीस-चोवीस लाखांपर्यंत आहे. भाऊजी म्हणतात, लहान पडेल. दिवाळीला मुलगा-सून-नातू आले की कुठे झोपणार?"

"दिवाळी चार दिवसांची. उरलेले दिवस दोघंच आहेत ना? चार दिवसांच्या पाहुण्यांसाठी अकरा-बारा लाखांची खोली! त्यांना आमच्याकडे पाठवा झोपायला."

हे काकू खरंच करतील. पण मुद्दा त्यांचा बिनतोड आहे. म्हाडाच्या घराला कागद सरळ, लिफ्ट आहे, आणि हातात रक्कम शिल्लक राहते. वाईट एवढंच की स्टेशनपासून लांब, रिक्षावर अवलंबून.

जाऊबाईंचं मन वेगळ्याच गोष्टीत आहे. त्यांनी कुठेतरी पुण्याच्या अथश्रीबद्दल वाचलं, नेरळच्या डिग्निटीबद्दल ऐकलं : ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहती, डॉक्टर, जेवण, सोबत. मला तर ऐकूनच मोह झाला. काकूंनी एका वाक्यात निकाल लावला. "तिथे अर्नाळ्याचे ताजे बोंबील येतात का? तुझा दीर दोन दिवसांत पळून येईल."

तेवढ्यात काकू आत गेल्या आणि मोजायची टेप घेऊन आल्या. त्यांच्या सासूबाई शेवटच्या वर्षी दवाखान्यातून व्हीलचेअरवर घरी आल्या, तेव्हा खुर्ची बाथरूमच्या दारात अडकली. दार सव्वादोन फुटांचं, खुर्चीची चाकं त्याहून रुंद. तेव्हापासून काकू कुठल्याही वास्तुशांतीला गेल्या की पूजेआधी बाथरूमचं दार मापतात. लोकांना वाटतं, बाईंना वास्तुशास्त्र येतं. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले, त्यातही हेच आहे : दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, लिफ्ट, व्हीलचेअर जाईल असे रस्ते, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणाऱ्या फरश्या, वाटेत पायऱ्या नकोत. हे नियम ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना. तुमच्या-आमच्या बिल्डिंगला ते बांधील नाहीत, पण टेप कुणीही नेऊ शकतं.

"आणि दवाखाना रुळाच्या कुठल्या बाजूला, ते बघ," काकूंनी टेप माझ्या हातात ठेवली. "रात्री दोनला छातीत दुखलं तर पूर्वेकडून पश्चिमेला यायला पूल किती लांब, ते आधी बघ. सांडोरचं कार्डिनल ग्रेशियस पश्चिमेला, आणि हे राहणार पूर्वेला."

पैशाचा हिशेब मी काढला. कुंपणावरच, गोधडीवर बोटाने. पस्तीसचं घर, त्यावर स्टॅम्पड्युटी, रजिस्ट्रेशन, एजंट, फर्निचर, चाळीस संपले. (घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर स्टॅम्पड्युटीत एक टक्का सूट आहे, तेवढं जाऊबाईंना सांगायचं ठरलं.) उरले दहा. त्या दहांवर दोन माणसांचं पुढचं वीस वर्षांचं आयुष्य. आता दुसरं गणित : ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाख टाकले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० हातात येतात. विरार पश्चिमेला लिफ्टवाला वनबीएचके दहा-बारा हजार भाड्याने मिळतो. भाडं देऊनही महिन्याला आठ-दहा हजार उरतात, पेन्शन वेगळी, आणि मुद्दल जागेवर. मरताना स्वतःच्या भिंती हव्यात हे मलाही कळतं, पण जगताना पैसे लागतात.

"भाड्याचं घर! नातेवाईक काय म्हणतील?" मी भाऊजींच्या आवाजात विचारलं.

"नातेवाईक एकदाच म्हणतात. मेंटेनन्स दर महिन्याला येतो." मग काकूंनी आवाज खाली केला, म्हणजे फक्त तीन घरांना ऐकू जाईल इतका. "आणि घेतलंच, तर मुलाच्या नावावर आत्ताच करायचं नाही. मुलगा सोन्यासारखा असेल, तरी नाही. मृत्युपत्र करा, नावावर स्वतःच्या ठेवा. २००७ चा आईबापांचा कायदा आहे, सांभाळायच्या अटीवर केलेलं बक्षीसपत्र, मुलांनी सांभाळलं नाही तर रद्द करता येतं, प्रांताकडे अर्ज करावा लागतो. पण त्या दारात उभं राहायची पाळी आणायचीच कशाला?"

आतून कुकरच्या शिट्ट्या वाजत होत्या; मोजणं केव्हाच सुटलं होतं. दुपारी मी भाऊजींना फोन केला आणि काकूंचं नाव न घेता सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे आगाशीच्या काकूंनी सांगितलं ना?"

नालासोपाऱ्याच्या एजंटाला ओसीची प्रत मागितली आहे, महापालिकेत जाऊन नंबर ताडून बघणार म्हणूनही कळवलं आहे. तेव्हापासून त्याचा फोन नाही. भाऊजी १ जूनपासून विरार पश्चिमेला अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने येतायत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. विकत घ्यायचं ते दिवाळीनंतर ठरवतील, एक पावसाळा इथे काढून.