चौथा भिडू

पोंभुर्ण्यात पत्ते म्हटलं की रमी, नाहीतर मेंढीकोट. अशा गावात बडेबाबू ब्रिज खेळतात. म्हणजे खरं तर खेळवतात. वनखात्यात कारकुनी करताना चांद्याच्या क्लबात साहेबलोकांना एका संध्याकाळी चौथा भिडू कमी पडला आणि बाबूंना बसवलं. तेव्हापासून ते उठलेच नाहीत.

त्यांच्या ओसरीवर टेकलात की चहाआधी हिशेब येतो. "एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १. अख्ख्या कॅटमध्ये ४०. हातात १२ असले तं तोंड उघडायचं." आतून काकूंचा आवाज : "तुमचं तं शून्यावरही उघडते."

पत्ते कुटणारा म्हणून कोणी हिणवलं की बाबू जकार्ता काढतात. २०१८ च्या एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं, आणि बर्धन तेव्हा साठीचे होते. "म्हंजे मले काही फार उशीर नाही झाला," हे शेपूट बाबूंचं.

खरी मजा डाव संपल्यावर. बाजारातून आणायच्या चार जिनसांपैकी दोन विसरणारा हा माणूस, गेल्या तान्ह्या पोळ्याला चौकटचा नव्वा कुणी कुठं टाकला ते सांगतो. भिडू असलेल्या तलाठ्याची तर रोज उलटतपासणी. "दुसऱ्या हातानं लहान पान, तिसऱ्यानं मोठं, किती डाव सांगू? काहून टाकला राजा?"

"हातात होता जी, म्हणून टाकला."

बाबू कपाळावर हात मारतात, पण पान पिसायला त्यालाच देतात. भिडू तुटला तर पुढचा कुठून आणायचा?

स्वतःवर पाळी आली की न्याय जरा सैल होतो. एका पावसाळी रात्री लाइट गेलेली, चार्जिंगच्या दिव्याखाली डाव. बाबूंची बोली चार इस्पिक. समोरची डमी धरून हुकमाची ९ पानं, एक्का-राजा घरचे, राणी तेवढी बेपत्ता. बाबूंनी नियम मोठ्यानं म्हटला : "आठ असले तं राणीले हुडकायचं, नऊ असले तं आपोआप पडते." एक्का आपटला, राजा आपटला. राणी काही पडेना. ती गुरुजींच्या हातात दोन लहान पानं पुढं करून खुशाल बसली होती. बोली एका हातानं बुडाली.

"नियम बरोबरच होता," बाबू म्हणाले, "राणी चुकीच्या माणसाकडं होती."

त्यांचं एकच वैर, सरकारी बदलीशी. दोन-दोन वर्षं घासून जोडी तयार करावी, बोलीतली खूण जरा कळायला लागावी, की निघाला आदेश. तलाठीही असाच गेला. निरोपाच्या हाराचा खर्च बाबूंनी केला आणि चेहरा घरचं माणूस गेल्यासारखा.

त्याच आठवड्यात बँकेत नवे साहेब रुजू झाले. बाबू पासबुक भरायला गेले, पासबुक खिशातच राहिलं.

"ब्रिज येते का जी?"

"नाही हो. मेंढीकोट येतं थोडंफार."

"चालते. संध्याकाळी या. फक्त दुसऱ्या हातानं राजा टाकू नका."