पाणी कुठाय?

आपल्याकडे फरशी नुसती स्वच्छ असून भागत नाही. ती ओली दिसावी लागते आणि फिनेलचा वास जिन्यापर्यंत यावा लागतो. त्यामुळे मोठ्या रुग्णालयाच्या लांबलचक कॉरिडॉरमधून फरशी घासायचं मशीन घरघरत जातं आणि मागे जवळजवळ कोरडी फरशी सोडतं, तेव्हा बाकावर ताटकळलेल्या मंडळींत कुजबुज होते, "नुसतंच फिरवतायत हो, पाणी कुठाय?"

पाणी मशीनच्या पोटात असतं. टाक्या दोन. एकीत स्वच्छ पाणी आणि मापाने घातलेलं लिक्विड, दुसरी सुरुवातीला रिकामी. पाणी बेताबेताने ब्रशवर उतरतं, ब्रश गरगर फिरून मळ सोडवतात, मागचा कमानदार रबरी वायपर ते मळकं पाणी गोळा करतो आणि व्हॅक्युम ते दुसऱ्या टाकीत ओढून घेतो. सगळे ब्रशचं कौतुक करतात. माझ्या मते खरी कर्तबगारी वायपरची. घासायला काय, कुणीही घासेल. सांडलेलं परत उचलणं फार थोड्यांना जमतं.

त्या रबराच्या कडेला नखाएवढी चीर पडली किंवा सुतळीचा तुकडा अडकला, तर मशीनमागे पाण्याची एक बारीक रेघ उमटत जाते. जाणत्या मावशी ती रेघ पाहताच मशीन बंद करतात, वाकून वायपरखालचा केसांचा गुंता ओढून काढतात आणि आधी कोरडा मॉप न मारणाऱ्याचा उद्धार करतात. वळणावर पाण्याची चंद्रकोर राहते, ती हाताने पुसतात. माणसं पडतात ती या रेघेवर आणि त्या चंद्रकोरीवर.

फेसाचं आपल्याला भारी वेड. मशीनला मात्र त्याचा तिटकारा. लिक्विड सढळ हाताने ओतलं की मळक्या पाण्याच्या टाकीत फेस चढतो. टाकी भरली की पाण्याला अडवायला आत फ्लोट असतो; फेस त्याला जुमानत नाही, थेट व्हॅक्युमच्या मोटरकडे निघतो. शिवाय फरशीवर साबणाचा थर राहतो तो निसरडा, आणि त्यावर धूळही लवकर धरते. म्हणजे पदरचे पैसे घालून मळाची सोय.

दुसरं वेड ॲसिडचं. शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुन्याच्या कुळातले. ॲसिड पडलं की मळाबरोबर दगडही खाल्ला जातो आणि गेलेली चकाकी पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय परत येत नाही. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर मिसळली तर क्लोरीन वायू निघतो. तिथे मला विनोद सुचत नाही.

सगळ्यात मिस्कील म्हणजे सिंगल डिस्क मशीन. दिसायला गरीब: खाली एक गोल चकती, वर लांब दांडा. दांडा जरा खाली केला की ते डावीकडे जातं, वर उचलला की उजवीकडे. ढकलायचं नसतंच. नवा आलेला दणकट पोरगा नेमका जोर लावतो आणि मशीन त्याला घेऊन भिंतीकडे निघतं. मग मावशी म्हणतात, "अरे बाळा, भांडू नको त्याच्याशी. दांडा कमरेशी धर, जरासा खाली घे. बघ, जातंय की नाही?" वायर मात्र त्या स्वतः त्याच्या खांद्यावरून मागे टाकतात, कारण फिरत्या चकतीची वायरवर फार माया. आणि पॅड बदलायचा तर आधी प्लग काढायचा, यात त्या मोठ्या साहेबांचंही ऐकत नाहीत.

इतकं सगळं सांभाळून शेवटी उरतो तो येणारा-जाणारा. 'फरशी ओली आहे' ही पिवळी पाटी तो वाचतो आणि टाचांवर चालू लागतो, जणू टाचेखालची फरशी वेगळी. घसरायला याहून सोयीची चाल नाही. पाटीचाही थोडा दोष आहेच. ती पाणी पडण्याआधी मांडायची आणि फरशी सुकली की उचलायची असते. बारा महिने एकाच कोपऱ्यात उभ्या असलेल्या पाटीकडे कोण बघणार?

पण मावशी कॉरिडॉर एका वेळी अर्धाच घेतात. उरलेला अर्धा कोरडा असतो, तो तुमच्या-आमच्यासाठीच. दहा पावलं जास्त पडतील, पण तिकडून जा.