गवत जांभळं, पाणी लाल आणि दिंडोलीची अब्रू

ऐकलंत ना दिंडोलीचं? कुणाच्या खात्यात लूम बंद पडले, कुणाच्या पोरीचं कुठे जमलं, हे सगळे विषय हल्ली अळणी झालेत. आमच्या बी विंगमधल्या भाऊजींनी दिवाळीच्या बोनसमधून नवाकोरा कॉम्प्युटर आणला. आणावा, आमचं काही म्हणणं नाही. सोळा जीबी रॅम, काचेच्या डब्यात निळे-जांभळे दिवे, सगळं यथासांग. वहिनींना वाटलं, पोराच्या अभ्यासाची सोय झाली. आणि या गृहस्थाने पहिल्याच रात्री त्यावर काय लावलं? प्रिन्स ऑफ पर्शिया. 1989 चा! त्यांची आई नंदुरबारहून आली होती. मध्यरात्री दिवा दिसला म्हणून तिने दारातून विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?" भाऊजी म्हणाले, "राजकन्येला सोडवतोय, तासभरच उरलाय." म्हातारी सकाळपर्यंत देवासमोर बसून होती म्हणे.

एकाच घरातलं खूळ असतं तर आम्ही तोंड मिटून बसलोही असतो. (बसलो नसतो, पण तशी आशा तरी होती.) पण हे लोण लिंबायतपासून पर्वत पाटियापर्यंत पसरलंय. नव्या साडीचं डिझाइन रिंग रोडवरच्या मार्केटात पोचायच्या आत जुनं ठरतं, अशा या सुरतेत चाळिशीचे बाप्ये रात्र रात्र जागून आपल्या शाळेच्या वयाचे गेम जिवंत करतात!

आणि पैशाची नासाडी कशी, तेही ऐका. त्या काळच्या कितीतरी गेमांचं घड्याळ थेट प्रोसेसरच्या वेगावर बांधलेलं होतं. मशीनने अमुक इतके फेरे मोजायचे आणि मग शत्रूने एक पाऊल टाकायचं. मशीन वेगवान झालं की शत्रू उधळलाच. म्हणून जुन्या डब्यांवर ‘टर्बो’ नावाचं बटण असायचं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन हळू करायला! टर्बो पास्कलमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमांची तर आणखी नाचक्की. मशीन किती वेगवान आहे ते मोजताना भागाकाराचं उत्तर नेमून दिलेल्या जागेत मावेना, म्हणून जरा तगडा प्रोसेसर दिसला की ते ‘रनटाइम एरर 200’ म्हणून उंबरठ्यावरच आडवे पडत. आता यावर तोड आहे डॉसबॉक्सची. हा प्रोग्रॅम 2002 पासून फुकट मिळतो आणि नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग वठवतो. कंट्रोल आणि एफ 11 दाबत गेलं की ते सोंग आणखी आणखी मंद होतं. म्हणजे हप्ते भरून घ्यायचं वेगवान मशीन, आणि मग बटणं दाबून दाबून त्याला सुस्त करायचं. वहिनी म्हणतात, "एवढं सुस्तच हवं होतं तर घरात हे होतेच की."

पण खरी लाज गेली ती एज ऑफ एम्पायर्सच्या दुसऱ्या भागाने. खात्यातल्या मेहताजींकडे विंडोज 7 चं जुनं मशीन आहे, हिशेबाचं. त्यावर भाऊजींनी कुठूनतरी पैदा केलेली 1999 ची सीडी चढवली. तर काय, गवत जांभळं आणि पाणी लाल! त्या गेमला एका वेळी फक्त 256 रंगांची थाळी मिळायची, आणि विंडोजचा एक्स्प्लोरर मध्येच हात घालून त्या थाळीतले रंग बदलायचा. त्यावरचा तेव्हाचा रामबाण इलाज काय, तर टास्क मॅनेजर उघडून एक्स्प्लोररचाच गळा दाबायचा. पडद्यावरचे आयकॉन गुल, खालची पट्टी गुल, पण गवत हिरवं! तेवढ्यात शेठ आत आले. पडदा मोकळा, चोपड्या गायब, आणि मेहताजी एकाग्र चित्ताने मेंढ्या कापतायत. पुढचं मी सांगणार नाही, माझ्या कानावर आलेलं गुजरातीत होतं.

याच गेमची नवी आवृत्ती 2019 पासून बाजारात आहे, नव्या विंडोजवर बिनबोभाट चालते. 2022 साली तर तिच्यात गुर्जरांची फौजसुद्धा आली, उंट आणि चक्र फेकणाऱ्यांसकट. सुरतेत राहून, इथल्या पाण्यावर वाढून यांना गुर्जर नकोत! यांना तीच ओरखडे पडलेली सीडी हवी. भाऊजींचं म्हणणं, नव्यात मजा नाही. आता यावर काय बोलायचं?

सीडीवरून आठवलं. यात एक भानगड अशी आहे की ती ऐकून मीसुद्धा पुरुषांच्या बाजूने झाले. दोन हजारच्या आसपासच्या कितीतरी अस्सल सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असे, चोरीची प्रत ओळखायला. ते कुलूप विंडोजच्या पार गाभ्यात शिरून बसायचं. विंडोज 10 आलं 2015 साली, आणि मायक्रोसॉफ्टने हे कुलूप धोक्याचं म्हणून बाहेरच काढलं. परिणाम? ज्याने पूर्ण पैसे मोजून अस्सल सीडी घेतली त्याचा गेम सुरू होत नाही, आणि ज्याने फूटपाथवरून चोरीची घेतली त्याचा मजेत चालतो, कारण त्याचं कुलूप आधीच कुणीतरी तोडलेलं! बरं, आता अस्सल घ्यायला दुकानात जावं तर तिथेही बोंब. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये पाहणी केली, तर तिथे 2010 च्या आधी निघालेल्या गेमांपैकी 87 टक्के बाजारातून उठलेले. विकत मिळत नाही आणि फुकट उतरवला तर कायद्याने चोरी. गॉगसारखं एखादं दुकान 2008 पासून जुने गेम दुरुस्त करून रीतसर विकतं, पण सगळे थोडेच तिथे आहेत? कंपन्यांनी टाकून दिलेलं हे सगळं बिनपगारी हौशी लोक सांभाळतायत, आणि नोटिसांची भीतीही त्यांनाच. हे काही मला पटलं नाही. असो, मी चहाड्या करायला बसलेय, वकिली करायला नाही.

लिंबायतच्या पोरांचं प्रकरण वेगळंच. त्यांचा जीव क्रिकेट 07 वर. 2006 सालचा गेम, तेव्हा आयपीएलचा जन्मही झाला नव्हता. पण पोरं दर हंगामाला पॅच टाकून त्यात नव्या संघांचे नवे पोशाख चढवतात. कॉमेंट्री अजून रिची बेनॉ यांची. ते 2015 साली गेले, तरी इथे गुजरात टायटन्सच्या पोराने चौकार मारला की बेनॉ बोलायला हजर. मला तर अंगावर काटा येतो.

आणि ते विमान! सॅन अँड्रियास हा 2004 चा गेम. त्यात स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आहे. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती आली आणि ते विमान नाहीसं झालं. मुद्दाम आत बसवलं तर खेळणारा थेट अंतराळात! सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टच्या नावाने बोटं मोडली. मग एका हौशी दुरुस्तीवाल्याने खोदून काढलं. आधीच्या व्हाइस सिटी गेममध्ये हे विमान होडी म्हणून नोंदलेलं होतं, म्हणून गाड्यांच्या यादीत त्याच्या चाकांचे आकडेच लिहिलेले नव्हते. आकडे नाहीत म्हटल्यावर गेम यादीत आधी वाचलेल्या गाडीचं मेमरीत उरलेलं काहीतरी उचलायचा, शेजारच्या ताटातलं उरलंसुरलं उचलावं तसं. वीस वर्षं कुणाला पत्ता नाही. नव्या विंडोजने ती जागा स्वतःच्या कामाला वापरली आणि बिंग फुटलं. म्हणजे दोष सुनेचा नव्हताच, सासरचंच जुनं लफडं!

आता सगळ्यात गुपित गोष्ट. हे खूळ आपल्या सुरतेत शिरलं कुठून, ठाऊक आहे? मला संशय एम्ब्रॉयडरीच्या खात्यांचा आहे. तिथली जुनी मशीनं डिझाइन फ्लॉपीवरून वाचायची. पंचिंगवाला फ्लॉपी द्यायचा, कारागीर ती मशीनमध्ये सरकवायचा आणि पदरावर मोर उतरायचा. पुढे फ्लॉप्या मिळेनात. मशीन धडधाकट, पण तिला खायला काही नाही. मग चीनमधून गोटेक नावाचा छोटा डबा आला. तो फ्लॉपीच्या जागी बसतो, त्यात पेन ड्राइव्ह खुपसायचा आणि मशीनला वाटतं फ्लॉपीच आली. असल्या कामांसाठी बनलेला हा डबा पुढे युरोपातल्या हौशी लोकांनी उचलला आणि अमिगासारख्या जुन्या कॉम्प्युटरात बसवून त्यावर गेम खेळायला सुरुवात केली. म्हणजे ज्या करामतीने आपल्या खात्यांत साडी भरली जाते, तीच तिकडे रात्रीची झोप उडवते. आता भाऊजींच्या ओळखीतला एक पंचिंगवालाच सल्लागार झालाय. दिवसा मोर, रात्री डूम.

त्यानेच भाऊजींच्या डोक्यात भरवलं की जुने गेम सपाट पडद्यावर दिसतात ते खोटं, त्यांचं चित्र जुन्या काचेच्या मॉनिटरसाठी काढलेलं असतं, त्यावर ते कसं मऊ दिसतं वगैरे. (खरं सांगते, दिसतं. पण हे वहिनींना कळता कामा नये.) झालं! भाऊजी भंगारवाल्याकडून पोटाड्या मॉनिटर घेऊन आले. भंगारवालाही बनेल, हल्ली तो असल्या मॉनिटरचा भाव किलोवर सांगतच नाही, ‘पीस’वर सांगतो.

ताजी बातमी अशी की भाऊजींना तो मॉनिटर आखाजीला गावी न्यायचाय, भाच्यांना ‘डेंजरस डेव्ह’ हा गेम दाखवायला. भुसावळकडच्या गाडीत आखाजीच्या गर्दीत पाय ठेवायला जागा नसते, हे उधन्याचं पोरगंही सांगेल. मॉनिटर मांडीवर कुणी घ्यायचा, यावरून बी विंगमध्ये दोन दिवस अबोला आहे, आणि वहिनींनी आपलं तिकीट वेगळ्या डब्यातलं काढलंय.