रकाना क्रमांक आठ

वैमानिकाचं आयुष्य साहसी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा फ्लाइट प्लॅनचा फॉर्म भरून पाहावा. त्यात विमानाचा रंग विचारतात, तराफा असेल तर त्याचाही विचारतात. हेतू उदात्त आहे: हरवलात तर शोधायला बरं! पण खरी मेख आठव्या रकान्यात. तिथं उड्डाणाच्या नियमांसाठी एकच अक्षर लिहायचं. सगळा प्रवास उपकरणांच्या भरवशावर असेल तर ‘आय’, डोळ्यांच्या भरवशावर असेल तर ‘व्ही’. आधी उपकरणं, मग डोळे असतील तर ‘वाय’. आधी डोळे, मग उपकरणं तर ‘झेड’.

मुंबईहून कऱ्हाडला छोटं विमान न्यायचं तर आमच्या वाट्याला ‘वाय’ येतो. मुंबईच्या गर्दीतून आयएफआरच्या, म्हणजे उपकरणांवर उडण्याच्या नियमांच्या शिस्तीत निघायचं. कऱ्हाडला उपकरणांच्या आधारे उतरायची सोय नाही, म्हणून शेवटी व्हीएफआर, म्हणजे खिडकीबाहेर बघत उतरायचं. हा बदल कुठं करणार, तो बिंदूही पंधराव्या रकान्यात आधीच लिहून द्यायचा. थोडक्यात, सह्याद्रीवर आपल्याला नेमकं कुठून स्वच्छ दिसू लागेल, हे जमिनीवर चहा पिता पिता सांगायचं. पावसाळी ढगांना हा फॉर्म कुणी दाखवलेला नसतो.

बरं, ‘दिसतंय’ असं नुसतं म्हणून भागत नाही. दहा हजार फुटांखाली साधारणपणे ५ किलोमीटर तरी दिसायला हवं. ढगापासून आडवं अंतर १५०० मीटर, उभं १००० फूट. ढगाला टेप लावायला कुणाला धाडायचं, त्यासाठी मात्र रकाना नाही.

आता बिंदू आला, खाली उसाचे फड दिसले, तरी नियम आपोआप बदलत नाहीत. ‘कॅन्सलिंग माय आयएफआर फ्लाइट’ हे ठरलेले शब्द वैमानिकानंच उच्चारायचे. नियंत्रकानं तसं सुचवायचं नाही, आडूनसुद्धा नाही. आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा. रात्री अकरा वाजता जांभया गिळणाऱ्या यजमानाला पाहुण्यांना ‘निघताय ना?’ म्हणता येत नाही, तशी बिचाऱ्याची गत. मागं विमानांची रांग लागलेली, आणि हा शहाणा अजून ढगांकडे बघत बसलाय!

शेवटी एकदाचे मी ते शब्द उच्चारतो. पलीकडून क्षणाचाही विलंब न लावता उत्तर येतं: आयएफआर रद्द, आणि पुढं वेळ, मिनिटासकट. त्या मिनिटापासून समोरचे डोंगर, ढग आणि घारी रीतसर माझ्या नावावर चढतात.